कुणीही उतरवून घ्यावं

आईवडिलांचं ऋण बोलून दाखवायचं नसतं, ते धरूनच चालायचं असतं. त्यांच्यानंतर माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण अण्णांचं आहे. अण्णा म्हणजे सांगलीला विश्रामबागेतल्या एका कॉलेजचे ग्रंथपाल. त्यांना आडनाव होतं, पदव्या होत्या, हुद्दाही होता. पण सांगलीपासून साताऱ्यापर्यंतचे प्राध्यापक, संशोधन करणारी मुलं, झेरॉक्सवाले आणि टायपिंग करणाऱ्या बायका त्यांना नुसतं अण्णा म्हणत. ते मात्र आम्हाला नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. मी कुकुडवाड. वनस्पतिशास्त्राच्या एक बाई होत्या, त्या पलूस. एकदा मी कारण विचारलं, तर म्हणाले, "नाव बापानं ठेवलेलं असतंय, त्यात तुझी काय हुशारी? गाव तू लिहिण्यात आणलंस का न्हाई, तेवढं मला बघायचं असतंय."

मी माण तालुक्यातला. आमच्या घरी मेंढरं. दसरा झाला की आमची माणसं बिऱ्हाड घोड्यावर लादून मेंढरांबरोबर खाली कृष्णाकाठाकडे उतरायची, ती पाऊस लागला की परत यायची. घरात कॉलेज बघितलेला मी पहिलाच. शिकत शिकत पीएच.डी.पर्यंत आलो आणि प्रबंध आमच्याच माणसांवर केला: मेंढरं कुठल्या वाटेनं जातात, कुठं मुक्काम करतात, कुठल्या गावाशी त्यांचं काय नातं असतं.

त्या काळी, म्हणजे नव्वदच्या दशकात, आमच्या भागात कुणी पीएच.डी. झालं की गावात सत्कार व्हायचा. फेटा बांधायचे, नारळ द्यायचे. मग काळ्या कापडी बांधणीचा, सोनेरी अक्षरांचा प्रबंध कपाटात जायचा. फेटा निदान लग्नकार्याला पुन्हा बाहेर निघायचा. प्रबंध निघायचा नाही.

अण्णांनी आयुष्यभर एवढंच केलं. त्यांनी प्रबंध कपाटातून बाहेर काढले.

त्यांची पद्धत अशी होती. प्रबंध घेऊन माणूस आला की ते आधी तो रद्दीच्या ताणकाट्याला अडकवून तोलायचे. हा काटा ग्रंथालयात त्यांच्या टेबलामागे खिळ्याला टांगलेला असे. वजन बघून म्हणायचे, "लय जेवलाय गड्या. चालंल कसा?" मग शिसपेन्सिल घेऊन बसायचे. माझ्या पहिल्या प्रकरणावर, म्हणजे सिद्धांत, व्याख्या आणि पूर्वीच्या संशोधनाचा आढावा यांवर त्यांनी एक आडवी रेघ ओढली आणि खाली लिहिलं, "या घरात कुणीच राहत नाही. पाडावे." मी दोन वर्षं खपून ते बांधलं होतं. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "तुझा चुलता तिसऱ्या प्रकरणात येतोय रं. तंवर वाचणाऱ्यानं कुणाशी बोलायचं?"

'प्रस्तुत' या शब्दाशी त्यांचं वैर होतं. तो दिसला की पेन्सिलीचं टोक मोडायचं.

असा हलका झालेला प्रबंध टायपिंगच्या दुकानात जायचा. तिथल्या वहिनी संगणकावर तो नीट पानं पाडून द्यायच्या. तो खर्च लेखकाचा. पण नंतर छापखाना नाही, बांधणी नाही, प्रकाशन समारंभ नाही. स्वच्छ, सुटी पानं एका पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून अण्णा ती कॉलेजांसमोरच्या झेरॉक्सवाल्यांकडे ठेवायचे. एक खोकं विश्रामबागेत, एक मिरजेत, एक कराडला, एक साताऱ्याला. ज्याला पुस्तक पाहिजे त्यानं दुकानात जायचं आणि पानं झेरॉक्स करून घ्यायची. एक पान पाहिजे तर एक, सगळं पाहिजे तर सगळं. झेरॉक्सचे पैसे तेवढे दुकानदाराचे. लेखकाला काही नाही, अण्णांना काही नाही, आणि परवानगी कुणाचीच लागत नसे.

या परवानगीचीही एक गंमत आहे. पलूसच्या बाईंचं उसातल्या तणांवरचं पुस्तक टाइप करताना वहिनींनी सवयीनं पहिल्या पानावर ओळ टाकली, 'सर्व हक्क लेखिकेच्या स्वाधीन'. खोकी चारी गावांना गेली आणि मग ती ओळ अण्णांच्या नजरेस पडली. ते तसेच उठून दुकानात गेले.

"वहिनी, बाईंनी दार उघडं ठेवाय सांगितलं, आन् तुमी कडी लावली की!"

"अवो अण्णा, सगळ्याच पुस्तकांत असती ती ओळ. नसली की पुस्तक उघडं उघडं वाटतंय."

"मग वाटू दे की. उघडंच पायजे."

दुसरं कुणी पान बदललं असतं. अण्णांनी बाईंना बरोबर घेतलं आणि एस.टी.नं चारी गावं केली. प्रत्येक दुकानात बाईंनी काउंटरवर उभं राहून मूळ पानावर शाईनं लिहिलं, "वरची ओळ चुकून पडली आहे. हे पुस्तक कुणीही उतरवून घ्यावं, वाटावं, शिकवावं. लिहिणारीचं नाव तेवढं राहू द्यावं." मूळ पानावर एकदा लिहिल्यामुळे पुढच्या प्रत्येक प्रतीत ते अक्षर आपोआप उतरत गेलं. मुलांना वाटलं, बाईंनी प्रत्येकाला स्वतः लिहून दिलंय. पुस्तक इतकं खपलं की झेरॉक्सवाला अण्णांना चहा पाजायला लागला. तेव्हापासून रिवाजच पडला. अण्णांच्या प्रत्येक लेखकानं पहिल्या पानावर स्वतःच्या अक्षरात परवानगी लिहायची. एका मोठ्या प्राध्यापकांनी ती टाइप करून आणली, तर अण्णांनी परत पाठवली. "टाइप केलेलं कुणाचंबी असू शकतंय. हातानं लिवा म्हंजे मागं फिरता येणार न्हाई."

त्यांच्यावर हसणारे कमी नव्हते. सांगलीच्या जुन्या गावभागातले एक पुस्तकविक्रेते त्यांना रस्त्यात अडवून म्हणायचे, "काय अण्णा, फुकटचं पचतं का लोकांना?"

"देवळातल्या प्रसादानं आजवर कोण आजारी पडलंय का सांगा."

"प्रसाद चिमूटभर असतो."

"म्हणून तर तुमच्यासारखी माणसं उपाशी ऱ्हायली."

हे विक्रेते भांडायचे आणि दिवाळीला अण्णांच्या घरी फराळाला जायचे. एक निवृत्त प्राचार्य मात्र मनापासून चिडत. फुकट पुस्तकाला मान नसतो, असं त्यांचं म्हणणं. अण्णा त्यांच्याशी नम्रपणे बोलत. "मान खुर्चीला असतोय सर. पुस्तकाला वाचणारा लागतो."

अण्णांच्या घरी पुस्तकांचं एक कपाट होतं, पण त्यात एकही धड पुस्तक नव्हतं. आपल्या लेखकाची नवी प्रत ते कधी घ्यायचे नाहीत. पाचसहा महिन्यांनी एखाद्या विद्यार्थ्याला गाठून म्हणायचे, "तुझी वापरलेली दे, ही कोरी घे." कोपरे दुमडलेली, चहाचे डाग पडलेली, समासात गणितं केलेली अशी सगळी पुस्तकं. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, पाहुण्यांसमोर त्या कपाटावर पडदा ओढायच्या. अण्णा तो परत सारायचे. "फाटलेलं पुस्तक बघितलं की बरं वाटतंय. कोणतरी जेवून गेलं म्हणायचं."

हे वेड कुठून लागलं, असं विचारलं तर प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळे. आमच्या प्राचार्यांना त्यांनी सांगितलं, "ग्रंथपालाला काम कमी असतं, म्हणून." पलूसच्या बाईंना सांगितलं, "घरात काकूंसमोर माझं कोण ऐकत न्हाई, म्हणून." मला सांगितलं, "तू विचारत बसतोस, म्हणून अजून तुझं दुसरं प्रकरण झालं न्हाई." खरं कारण मला कधी कळलं नाही. ते नसेलही.

दशक संपत आलं तेव्हा विश्रामबागेत एका संगणक क्लासमध्ये इंटरनेट आलं. अण्णा पहिल्याच आठवड्यात तिथं जाऊन बसले. शिकवणाऱ्या पोराला विचारलं, "ह्यात कुलूप लावायची सोय हाय का?" तो हौसेनं म्हणाला, "आहे ना, पासवर्ड. तेच आधी शिकवतो." अण्णा म्हणाले, "तेवढं सोडून सगळं शिकव." मराठी अक्षरं दुसऱ्याच्या संगणकावर चौकोनांसारखी दिसायची, म्हणून त्यांनी पानांची चित्रंच चढवली. एक पान उघडेस्तोवर चहा पिऊन व्हायचा. पण पलूसच्या बाईंना त्या वर्षी धारवाडहून एका संशोधकाचं पत्र आलं, आणि अण्णा ते खिशात घालून आठवडाभर हिंडले.

आता माझी गोष्ट. ती या सगळ्याच्या थोडी आधीची आहे.

मी तेव्हा साताऱ्याला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होतो. म्हणजे जेवढे तास, तेवढाच पगार आणि सुटीत काही नाही. लग्न ठरत होतं, घरी धाकट्या बहिणी होत्या. तिथं कायमची एक जागा निघणार होती. प्राचार्य माझ्याशी बरे होते. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "हे बघा, मुलाखतीला पुस्तक लागेल. आणि पुस्तक म्हणजे पुस्तक. त्या सांगलीच्या अण्णांची सुटी पानं घेऊन येऊ नका." योगायोग असा, की त्याच सुमाराला पुण्याच्या एका नामवंत प्रकाशकांनी माझा प्रबंध छापायचं कबूल केलं. पक्की बांधणी, रंगीत वेष्टण. किंमत भारी ठेवणार होते. सगळे हक्क त्यांच्याकडे, आणि त्यांच्या लेखी संमतीशिवाय कुठलाही भाग कुणी उतरवायचा नाही, असं करारात होतं. मला आनंद झाला होता. पुस्तक यायच्या आधी मुलाखत झाली तरी करार दाखवता येणार होता. जागा पक्की.

करार घेऊन मी सांगलीला गेलो. वाटलं होतं अण्णा रागावतील. त्यांनी करार नीट वाचला, घडी करून माझ्या हातात दिला.

"चांगला हाय. सही कर."

"पण अण्णा, तुम्हाला..."

"माझं काय? मला पेन्शन मिळणार हाय, तुला न्हाई. नोकरी पहिली. मी फकस्त एक काम सांगतो. ज्यांच्यावर लिवलंस त्यांच्यात बसून एकदा वाच. मग कुणाच्याबी कागदावर सही कर."

हा त्यांचा जुना नियम होता, मी विसरलो होतो. पलूसच्या बाईंनीही आपलं पुस्तक उसात खुरपणाऱ्या बायकांना वाचून दाखवलं होतं.

दसरा नुकताच झाला होता. आमचं बिऱ्हाड औंधजवळ, बाजरी काढून मोकळ्या झालेल्या एका रानात उतरलं होतं. बिऱ्हाडाची धनीण माझी चुलती. तिला सगळे नानी म्हणतात. अण्णा आणि मी एस.टी.नं गेलो. दुपारची मेंढरं ओढ्याकाठी झाडांच्या सावलीला बसली होती, म्हणून माणसंही मोकळी होती. घोंगडं अंथरलं. यमाईच्या डोंगराकडे तोंड करून अण्णा मांडी घालून बसले, खिशातल्या शेंगा काढून सगळ्यांना वाटल्या.

मी वाचायला लागलो. आधी पोरं हसली, कारण त्यांच्या आज्याचं नाव आलं. मग सरकून जवळ बसली. मेंढरं रात्री रानात बसवली की त्या रानाला लेंड्यांचं खत मिळतं. त्यासाठी पूर्वी गावंच्या गावं आमच्या लोकांना बोलावणं पाठवायची, धान्य द्यायची. त्या प्रकरणात नदीकाठच्या एका गावातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचं बोलणं मी जसंच्या तसं घेतलं होतं. त्याला तात्या म्हणत. तो मला म्हणाला होता, "मेंढरं बसल्याबिगर माझ्या रानाला झोप येत न्हाई. धनगर आलं की आमच्या घरात पुरणाचं ताट व्हायचं. आमच्या हद्दीत ह्यांस्नी कोण अडीवलं तर त्यो माझा न्हवं."

नानी एकदम म्हणाली, "थांब. परत वाच."

मी परत वाचलं.

"कोण म्हणलं ह्ये? तात्या?"

"व्हय. तेच. वारले गेल्या साली."

"आरं, त्याचाच ल्योक सरपंच हाय तिथं. त्यानंच औंदा निरोप धाडलाय, आमच्या शिवंत येऊ नगासा म्हणून. समदा ऊस झालाय, मेंढरं खात्यात म्हणं. तिथला मुक्काम तुटला तर महिनाभर जायाचं कुटं आमी?" नानीनं हात पुढं केला. "त्ये पान दे मला. दावती त्याला."

"फाडू नको नानी. पुस्तक येऊ दे."

"कवा?"

"वर्षभरात."

"मेंढरं वरीसभर उपाशी ठिऊ व्हय? बरं, केवढ्याला?"

मी किंमत सांगितली. पोरं खो खो हसली. एक म्हणाला, "दादा, त्यात एक मेंढरू येतंय!"

"मग नुसतं एक पान छापून दे," नानी म्हणाली. मला सांगावं लागलं, की सही केल्यावर ते पुण्याच्या लोकांना विचारून करावं लागेल. तिनं पुढं विचारलं ते रागानं नाही. तिला खरंच समजत नव्हतं.

"बोललं कोण? तात्या. कुणाबद्दल? आमच्याबद्दल. लिवलं कुणी? तू. मग त्यात पुण्याचं काय हाय?"

अण्णा शेंगा सोलत होते. त्यांनी वरही पाहिलं नाही.

परतताना एस.टी.त मी त्यांना म्हणालो, "अण्णा, सही करतो आणि नानीला ते पान गुपचूप देतो. पुण्याला काय कळतंय?"

"ते न्हाई चालणार. सही केली की पाळायची. नानीनं सरपंचापुढं चोरीचं पान का धरायचं? तिनं ताठ जायाला पायजे." मग म्हणाले, "मी तुला अडवत न्हाई, कुकुडवाड. मनापासून सांगतो. नोकरी ग्येली तर काकू मला घरात घ्यायची न्हाई."

रहिमतपूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो. मनात फार उलटसुलट चाललं होतं असं नाही. नानीच्या प्रश्नाला उत्तर शोधत होतो, आणि ते मिळत नव्हतं. उत्तर मिळत नाही म्हणजे करार चुकीचा आहे, एवढं मला शिक्षणानं शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी तो बिनसहीचाच पुण्याला परत पाठवला, सोबत आभाराच्या चार ओळी. ते लोकही चांगले होते. त्यांनी शुभेच्छा कळवल्या.

दिवाळीनंतर माझं पुस्तक खोक्यातून चार गावांना गेलं. पहिल्या पानावरची परवानगी लिहिताना माझं एक अक्षर चुकलं, ते खोडून मी पुन्हा लिहिलं. अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. झेरॉक्समधी तेबी उतरंल."

माघात मुलाखत झाली. अण्णांना कळवायचं राहू नये म्हणून त्याच संध्याकाळी मी त्यांना पत्र टाकलं. काकूंनी ते जपून ठेवलं होतं. अण्णा गेल्यावर त्यांनी ते मला परत दिलं. तेच इथं देतो.

तीर्थस्वरूप अण्णांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

आज मुलाखत झाली. अध्यक्षांनी विचारलं, "प्रकाशक कोण?" मी म्हणालो, "कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मिळतं सर." दोघं हसले. मग विचारलं, "हक्क कुणाचे?" मी म्हणालो, "वाचणाऱ्याचे." ते म्हणाले, "म्हणजे उद्या मी हे छापून विकलं तर?" मी म्हणालो, "खुशाल छापा सर. माझं नाव राहू द्या. आणि फुकटची प्रत शेजारीच मिळते, एवढं गिऱ्हाइकाला सांगा." या वेळी सगळेच हसले. पण जागा दुसऱ्या उमेदवाराला मिळाली. त्यांचं छापलेलं पुस्तक आहे आणि माणूस अभ्यासू आहे. मी त्यांचं अभिनंदन केलं. जूनपासून मला पुन्हा तास मिळतील, प्राचार्यांनी जास्त द्यायचं कबूल केलं आहे. लग्नही ठरल्याप्रमाणे होईल, तिकडच्या मंडळींना मी सगळं सांगितलं आहे. तेव्हा तुम्ही भांडायला साताऱ्याला येऊ नये, ही विनंती. दुसरी जागा निघेल. मी मिळवीन.

दुसरी बातमी महत्त्वाची आहे. नानी ती पानं घेऊन ग्रामपंचायतीत गेली होती. मी बरोबर गेलो नाही, तिनंच नको म्हटलं. सरपंचांनी उभ्या उभ्या वाचायला घेतलं आणि मग खुर्ची ओढून बसले. विचारलं, "तात्या ह्ये कवा बोललं?" नानी म्हणाली, "आमच्या पोराम्होरं बोललं. आमी चोरून आणल्यालं न्हाई." त्यांनी पानं घरी नेली. दुसऱ्या दिवशी निरोप आला, की गावठाणाच्या वरच्या अंगाला त्यांचं स्वतःचं रान आहे, मेंढरं तिथं बसवा. आता मेंढरं तिथंच आहेत.

एक काम आहे. तात्यांच्या पत्नी चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत, पण त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. ते प्रकरण दुसऱ्यानं वाचून दाखवलेलं त्यांना नको आहे, स्वतः वाचायचं आहे. तरी तेवढी पानं मोठ्या अक्षरात झेरॉक्स करून लवकर पाठवावीत. सरपंचांच्या पत्त्यावर नको, नानीच्या नावानं पाठवा. तिला ती स्वतःच्या हातानं द्यायची आहेत. पत्ता: मेंढरांचं बिऱ्हाड, सरपंचांच्या रानात. पोस्टमन आणून देतो.

आपला,
कुकुडवाड